जुनेराची पट्टी

बालवाडीच्या खांबाला आपला ज्ञानेश बांधलेला दिसला, तशी मनीषाने डोक्यावरची शेवंतीची पाटी ओट्यावर आदळली. बाकीची पोरं केव्हाच घरी गेली होती. चार वर्षांचा ज्ञानेश मात्र कमरेला पट्टी, पट्टीचं टोक खांबाला, असा निवांत बसून धुळीत रेघोट्या ओढत होता.

"बाई, जनावर हाय का ते?"

दीपमालाबाई आतून आल्या. सटाण्याकडची ही तरुण बाई वस्तीवरच खोली घेऊन राहत होती, आणि मनीषा येईपर्यंत रोज ज्ञानेशसाठी थांबत होती.

"वहिनी, सकाळपासून रडत होता तो. ही पट्टी त्यानंच पिशवीतून आणली. म्हणाला, बाई, मला बांधा, मग आई येते. खूप समजावलं. शेवटी नुसती गुंडाळली, तेव्हा कुठं गप झाला."

मनीषाने पट्टी ओळखली. ती तिच्याच हिरव्या जुनेराची होती.

मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता. फुलं खुडायची तर पोर राखणार कोण? म्हणून वस्तीवरच्या साऱ्याच बाया पोरांना झाडाला बांधून सरीत उतरत. ज्ञानेशचं जग त्या पट्टीच्या लांबीएवढंच होतं, आणि त्या जगाचा एकच नियम त्याला ठाऊक होता: बांधून गेलेली आई सोडायला येतेच. बालवाडीत एरवी त्याला कुणी बांधत नसे, आणि मोकळा सोडलेला तो जीव भेदरून जाई. त्यात मनीषाला आता उशिराची सवय झाली होती. पोर सांभाळायला बाई हाय की, असं म्हणत ती आणखी एक सरी खुडूनच निघायची.

तिने पट्टी सोडली, घडी करून कमरेला खोचली. तोवर तिचा आवाज वस्तीभर गेला होता.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. नाशिकच्या फुलबाजारातून परतलेला तिचा नवरा सहादू सगळ्यांत पुढे होता. शाळा पोराला माणूस करायला असते, दावणीला बांधायला नसते, असं तो म्हणाला, आणि वस्तीतला जाणता देवराम मान हलवत राहिला. बायांत बसलेली म्हातारी ठमाबाई तेवढी पुटपुटली, "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. सहादू, तुला बी लिंबालाच बांधून वाढवला रं तुझ्या आयनं."

"आयनं बांधला, मावशे. ही काय आय हाय त्याची?"

माणसं हसली. हसू विरल्यावर दीपमालाबाईंनी मनीषाकडे पाहिलं. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"वहिनी, ती पट्टी दाखवा. कुणाची आहे, एवढंच सांगा."

ते हिरवं जुनेर साऱ्या वस्तीने मनीषाच्या अंगावर पाहिलेलं होतं. पट्टी पदराआड, कमरेला टोचत होती.

"मला काय ठावं," मनीषा म्हणाली. "फेकली मी ती."

गावाची तक्रार वर गेली. थोड्याच दिवसांत दीपमालाबाई ट्रंक घेऊन एसटीत बसल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. बालवाडीच्या खोलीत पुढे फवारणीचे पंप ठेवू लागले.

शेवंती कुणासाठी थांबत नाही. पारावरच्या बैठकीच्या दुसऱ्याच सकाळी, वाफ्यांवर दव असतानाच, मनीषा ज्ञानेशला घेऊन मळ्यात गेली. विहीर होती तशीच उघडी होती. कडुनिंबाखाली तिने कमरेची पट्टी काढली. ज्ञानेश रडला नाही. त्याने आपणहून सदरा वर धरला, खोडाला पाठ लावली आणि पोट आत ओढलं.

"घट बांध, आई," तो म्हणाला. "बाईनी ढिली बांधली व्हती. म्हनून तवा तू उशिरा आली."

मनीषाने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि गाठ आवळली.