काळ्या स्कर्टची कंबर

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला, तशी आईने काळा स्कर्ट उलटा केला आणि कंबरेची शिलाई उसवायला घेतली. हात सराईत होता. वीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे कमी-जास्त करून देण्यात गेलेली. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. पण आज ब्लेड हातात धरून ती थांबली. शिलाईच्या आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. दोन्ही बाजूंना जेमतेम दोरा बसेल एवढी कड राहिली होती.

स्कर्ट दोनदा सैल सोडून झाला होता. आज तिसरी खेप.

लेक एकोणीस वर्षांची. लहानपणी अख्खी गल्ली तिला ढब्बू म्हणायची आणि ती हाकेसरशी धावत यायची. आता ते नाव आईच्या तोंडून चुकून निसटलं तरी दिवसभर अबोला. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती विक्रीला उभी राहायची. तिथली रीत अशी, की नवा माल आला की मुलींनी तोच अंगावर घालायचा. आणि माल यायचा तो काचेमागच्या पुतळ्यांच्या मापाचा. जिला बसला नाही तिची रवानगी मागे गोदामात, घड्या घालायला. ढब्बू दोनदा गोदामात जाऊन आली होती. कुणी काही बोललं नाही म्हणे. बोलायचं कशाला? पुतळे उभे होतेच की समोर.

तेव्हापासून घरात जेवणाचं नाव काढायची सोय राहिली नाही. दुकानात खाल्लं, पोट भरलंय, डोकं दुखतंय, रोज नवी सबब. आईने वैतागून वजनकाटा भंगारात दिला, तर पोरीने कपाटातून हा कॉलेजातला जुना स्कर्ट शोधून काढला. दर रविवारी आंघोळ झाली की तो घालायचा, आरशासमोर उभं राहायचं आणि कंबरेत दोन बोटं घालून बघायची. बोटं शिरली नाहीत की झालं, दिवसभर नुसतं पाणी.

आईला उपाय सुचला तोही शिवणाचाच. गिऱ्हाइकांना ती हेच तर देत आली होती. बँकेतली एक बाई पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी राहायची आणि विचारायची, "जरा बारीक झालेय ना हो मी?" आई म्हणायची, "जरा? चांगल्याच झालात की!" आणि घरी गेल्यावर बाईला पटावं म्हणून आतून हळूच अर्धा इंच सोडायची. बाई खूश, आई खूश. कुणाचं काय गेलं त्यात?

तसाच तिने पोरीचा स्कर्ट सोडला. त्या रविवारी ढब्बू आरशासमोरून ओरडतच आली, "आई, ढिला झाला! बघ, ढिला झाला!" आणि चक्क दोन अंडी आणि पाव खाल्ला, वर आईच्या ताटातलाही घास उचलला. आई तोंड धुवायच्या निमित्ताने जाऊन रडून आली. जमलं एकदाचं, असं तिला वाटलं. पण सोमवारपासून पोरीने उरलासुरला घासही टाकला. उपाशी राहणं लागू पडत होतं ना! मग कशाला थांबेल ती?

हे आईला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. तरी एका रविवारच्या जेवणासाठी तिने स्कर्ट दुसऱ्यांदा सोडला.

पाण्याचा आवाज थांबलेला तिच्या लक्षातच आला नाही. टॉवेल गुंडाळलेली ढब्बू दारातून आत आली आणि पाठमोरी होऊन कपाटात काहीतरी शोधू लागली. आई स्कर्ट लपवायला उठली ती अर्ध्यातच राहिली. लेकीच्या पाठीचे मणके एकेक करून मोजता येत होते. खांद्याची हाडं कातडीला आतून टोचत होती. सहा महिने ही पोर ढगळ शर्टात घरभर वावरत होती, आणि दिवसभर परक्या बायांच्या अंगाला टेप लावणाऱ्या आईने स्वतःच्या पोरीचं अंग बघितलं नव्हतं.

ढब्बू वळली.

"माझा स्कर्ट कशाला घेतलास?"

बटण तुटलं होतं, असं सांगता आलं असतं. आईने ब्लेड बाजूला ठेवलं.

"बाळा, हा स्कर्ट मी सोडलाय. आतून. दोनदा."

"म्हणजे?"

"म्हणजे तो आपोआप ढिला नाही झाला गं. मी केला. तू दोन घास खावेस म्हणून."

आता ही किंचाळेल, काहीतरी फेकून मारेल, म्हणून आईने मन घट्ट केलं. पण पोरीचा चेहरा नुसता उतरत गेला.

"मग मी बारीक झालेच नाही?"

"अगं झालीस! हाडं उरलीत नुसती. स्वतःकडे बघ तरी एकदा!"

"तेवढीच आहे मी," ढब्बू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "एवढं करूनसुद्धा तेवढीच."

आईने गळ्यातली टेप ओढली आणि टॉवेलवरूनच तिच्या कंबरेभोवती टाकली.

"हा आकडा बघ. बघ ना गं! शाळकरी पोरीची कंबर आहे ही."

ढब्बूने आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईकडे बघत होती. आवाजात राग नव्हता.

"टेप किती आवळलीस ते मला काय कळणार? तू सगळ्यांनाच बारीक झालात म्हणतेस."

आईने टेप सोडली, आत जाऊन ताट आणलं आणि पोरीसमोर ठेवलं.

"दोन घास खा. मग मला काय हवं ते बोल."

"आधी स्कर्ट शिव. होता तसा."

पूर्वीच्या मापातही तो आता तिच्या कंबरेवरून घसरला असता. आईला ते दिसत होतं. पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार?

"शिवते. मग खाशील?"

"होता त्याहून दोन बोटं आत घे."

"वेडी आहेस का गं तू?"

"मी बसेन त्यात. घे आत. माझ्यादेखत."

"आणि खाशील?"

ढब्बूने मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे आईला कळलं नाही. तिने होकाराचीच धरली.

तिने स्कर्ट मशीनवर घेतला. ढब्बू शर्ट चढवून आली आणि स्टूल ओढून तिला अगदी खेटून बसली. इतकी जवळ ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. तिच्या ओल्या केसांचं पाणी आईच्या दंडावर ठिबकत होतं. आईने दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. खूण करताना तिने कापड दोन बोटांऐवजी दीडच बोट आत घेतलं.

"दोन म्हटलं ना," ढब्बू म्हणाली.

तिने आईच्या हाताखालचं कापड ओढून नीट दुमडलं आणि ते निसटू नये म्हणून दोन बोटांनी घट्ट दाबून धरलं.

आईने मशीन सुरू केलं.