बाणपाखराच्या दोन ओळी

कर्नाळ्याला एस.टी.तून उतरताना कमळाकर गुरुजींची पायरी चुकली आणि तुळशीरामने त्यांना वरच्यावर धरलं. "हल्ली गाड्या उंच झाल्यात," गुरुजी म्हणाले. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय हे अख्ख्या पनवेलला ठाऊक होतं. कबूल नव्हतं ते फक्त गुरुजींना.

एकसष्ट सालचा चैत्र होता. थंडीला आलेली पाखरं उत्तरेकडे परतायला लागली की गुरुजी यायचे आणि पायथ्याच्या वाडीतला तुळशीराम त्यांना रानात फिरवायचा. चौदा वर्षं हे चाललं होतं. पूर्वी गुरुजी पुढे चालत आणि तुळशीराम मागे. आता उलट झालं होतं, शिवाय तुळशीरामचे गुडघेही कुरकुरत होते. दोघंही दमले होते, पण पुरे झालं हे आधी कोणी म्हणायचं?

ओढ्याच्या डोहापाशी पोचेपर्यंत ऊन चढलं. गुरुजी उंबराच्या मुळावर धापा टाकत बसले आणि पिशवीतून पाखरांच्या नोंदींची वही काढली.

"सोमवारी जंगलखात्याचे साहेब येतायत. ही झाडं तोडायची की राखायची ते ठरवायला. मी त्यांना ही वही देणार. पनवेलला भेटले तेव्हा म्हटलं, बाणपाखरू चौदा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. ते म्हणाले, असं असेल तर हात लावणार नाही."

बाणपाखरू म्हणजे ते पांढरंशुभ्र, काळ्या डोक्याचं, हातभर शेपटीचं पाखरू. चैत्रात आठ दिवस या डोहावर उतरायचं. पण गेली दोन वर्षं ते आलंच नव्हतं. त्यातल्या पहिल्या चैत्रात गुरुजींच्या पत्नी सत्यवतीबाई नुकत्याच गेल्या होत्या. गुरुजी दुपारपर्यंत इथेच बसून तीनदा विचारत होते, "आलं का रे?" चौथ्यांदा तुळशीरामला राहवलं नाही. "आला ना, गुरुजी! तो काय, फांदीवर!" त्यांचा चेहरा असा फुलला, की पुढल्या चैत्रातही त्याने तेच केलं. म्हाताऱ्या माणसाला जरा बरं वाटलं, कोणाचं काय गेलं, असं त्याने मनाला समजावलं होतं. आणि आता वही साहेबाच्या हातात जाणार होती.

"गुरुजी, मी खोटा बोललो," तो म्हणाला. "दोन वरसं बाणपाखरू आलाच नाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून सांगितला."

गुरुजींनी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्षं मी त्या आनंदात घरी जाऊन झोपलो रे." तुळशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोड त्या ओळी," गुरुजींनी वही पुढे केली.

"मना वाचता कुठं येतंय?"

"आणि मला दिसतंय कुठं?"

हे गुरुजी पहिल्यांदाच बोलले होते. दोघंही त्या वहीकडे बघत राहिले. शेवटी गुरुजींनी काटकी घेतली आणि धुळीत मोठाल्या अक्षरांत दोन शब्द काढले. "हे बाणपाखरू. आणि हे तुळशीराम. दोन्ही एका ओळीत दिसले की खोडायचं."

तुळशीराम वहीवर वाकला. सुरुवातीच्या पानांवर धुळीतलं ते दुसरं चित्र कुठेच नव्हतं. शेवटच्या पानांवर, जिथे ओळी वेड्यावाकड्या होऊन एकमेकींवर चढल्या होत्या, तिथे मात्र ते प्रत्येक ओळीच्या टोकाला होतं.

"गुरुजी, माजा नाव समदीकडं हाय."

"असणारच. मला दिसेनासं झाल्यापासून जे पाहिलं ते तूच पाहिलंस. मग माझं नाव कसं घालू?"

तुळशीरामला रडू आलं. तो डोळे पुसून पुन्हा शोधू लागला. दोन ओळी सापडल्या. त्याने त्या खोडल्या.

"बाकीची पाखरं?"

"बाकीची खरी, गुरुजी. आईची आण."

मग ते बसून राहिले. ऊन डोहावर आलं, ओसरलं. पाणी प्यायला दोन बुलबुल आले, एक कोतवाल पक्षी आला. बाणपाखरू आलं नाही.

"सायबानं झाडं तोडली तर?" तुळशीरामने विचारलं.

"तोडू देत. मी खोटी वही देणार नाही." गुरुजी दमलेल्या आवाजात म्हणाले. त्यांनी चाचपडत नवं पान काढलं, आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'बाणपाखरू आलं नाही.' मग पेन्सिल तुळशीरामला दिली. "पुढे नाव घाल. तूच पाहिलंस."

धुळीतल्या अक्षरांकडे बघत बघत तुळशीरामने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. घाम फुटला त्याला. गुरुजींनी वही डोळ्यांजवळ नेली, दिसलं नाही, तेव्हा बोट फिरवून पाहिलं. अक्षरं कागदात खोल रुतली होती.

"एवढा जोर कशाला लावलास?"

"ही ओळ खोडायची नाय, गुरुजी," तुळशीराम म्हणाला, आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.