भिंतीतलं इंजिन

शनिवारी सकाळी आमचा फोन खणखणायला लागला की मी समजते, कुठेतरी कुणाचं तरी इंजिन रुसलंय. आमचे हे मॉडेल रेल्वेवाल्यांच्या, म्हणजे घरात छोट्या आगगाड्या चालवणाऱ्या हौशी लोकांच्या, मंडळाचे सल्लागार आहेत. पगार नाही, चहासुद्धा घरचाच, पण रुबाब असा की बघत राहावं. फोन उचलायच्या आधी चष्मा पुसतात. फोनवरून इंजिन दिसत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं.

यांचे तीन प्रश्न ठरलेले. रूळ पुसले का? चाकं पुसली का? जोड घट्ट आहेत का? बहुतेक दुखणी तिथेच बरी होतात. दाताच्या एका डॉक्टरांची गाडी रोज पुलाआधी थांबायची. यांनी त्यांना इंजिन उताणं करून बघायला लावलं, तर चाकांच्या आसाभोवती घरच्या मांजरीच्या केसांची चक्क वेणी घातलेली. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी गाडी मऊ चालावी म्हणून सगळ्या रुळांना डोक्याला लावायचं तेल चोळलं होतं. दुसरा कुणी असता तर हसून लोळला असता. हे म्हणाले, "बाई, चूक तुमची नाही. मऊपणासाठीच तेल लावतात. फक्त रुळांतून वीज जाते ना, तिला तेलातून वाट मिळत नाही. स्पिरिटने पुसा आणि मला कळवा." इतक्या मायेने माझ्याशी हे कधी बोलल्याचं मला आठवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कोरडे पाषाण का म्हणते, ते सांगते.

शेजारच्या फ्लॅटमध्ये माझे धाकटे दीर राहतात. दोघा भावांना हे वेड लहानपणापासून. फ्लॅट शेजारी-शेजारी मिळाले तेव्हा बायका म्हणाल्या, सोबत झाली. भाऊ म्हणाले, भिंत एकच आहे. महिन्याभरात त्यांनी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला आरपार भोक पाडलं. इंजिन जाईल एवढंच, हात जाणार नाही असं. आमच्या बाजूला स्टेशन, यार्ड, सिग्नल, सगळी तारांची कामं. आयुष्यभर लिफ्ट तपासल्या यांनी, तारांशी जमतं. त्यांच्या बाजूला डोंगर. भाऊजी शाळेत चित्रकला शिकवतात. जाळीवर कागद, कागदावर प्लास्टर, त्यावर एकेक दगड रंगवत तो डोंगर त्यांनी केला होता. त्यांची बायको, म्हणजे आमची धाकटी, म्हणायची, "ताई, माझ्याकडे इतका वेळ बघत बसले असते तर मी पण डोंगर झाले असते."

मग यांनी नवा लांब डबा आणला. तो डोंगरातल्या बोगद्याच्या वळणावर अडकायला लागला. कुणाचीही होते अशी चूक, आखूड डब्यावर माप घ्यायचं, मग लांब डब्याचा कोपरा बोगद्याला घासतो. हेच मंडळातल्या लोकांना नेहमी सांगतात. भावाला मात्र सांगितलं नाही. तो शाळेत गेलेला असताना आमच्याकडच्या जादा किल्लीने त्यांचं दार उघडून आत गेले आणि करवतीने डोंगराचं तोंड दोन बोटं कापलं. केर सुपलीत भरला, जागा झाडली, गाडी सोडून बघितली. डबा लोण्यासारखा गेला.

संध्याकाळी भाऊजी आले. पुढचं सगळं भांडण भिंतीतल्या भोकातूनच झालं.

"निदान विचारायचंस तरी!"

"विचारायचं काय त्यात? डबा अडकत होता."

झालं. तेव्हापासून बोलणं बंद. मी यांना कितीदा म्हटलं, जाऊन चुकलं म्हणा. उत्तर एकच, डबा अडकत होता. मोडेन पण वाकणार नाही! आणि तिकडे धाकटे, ते तरी काय कमी? कापलेली जागा त्यांनी भरली नाही, रंगवली नाही. जखम दाखवत ठेवावी तशी ठेवली. आमची गाडी भिंतीपर्यंत जायची आणि परत यायची. संध्याकाळी हे स्टेशनसमोर बसून नुसते भोकाकडे बघायचे. मला राग यायचा आणि कीवही यायची.

परवाच्या शनिवारी धाकटी दारात आली. डोळे सुजलेले.

"ताई, यांनी मिस्त्रीला बोलावलंय. भोक बुजवायला. सिमेंट घेऊन आलाय तो." मग आतल्या खोलीकडे बघून जरा मोठ्याने म्हणाली, "दादा, त्यांचं काळं इंजिन तुमच्या स्टेशनात राहिलंय. बुजवायच्या आधी पाठवून द्या म्हणतात. रुळांवरूनच पाठवा. हातात देऊ नका, म्हणाले."

ती घरी परत गेली, तसे हे उठले. काळं इंजिन उचललं, खिशातला रुमाल काढून चाकं पुसली. ते इंजिन भाऊजींनी पहिल्या पगारातून घेतलं होतं. रुळावर ठेवलं, कंट्रोलरचं बटण फिरवलं. इंजिन निघालं, भोकात शिरलं. आणि थांबलं.

थांबलं म्हणजे नीट थांबलंही नाही. भिंतीच्या पोटात, पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, असं जागच्या जागी थरथरत राहिलं. ना इकडे, ना तिकडे. मी म्हटलं, छडीने ढकलते. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाळण्यातल्या मुलाला छडी मारायला निघाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. यांनी चष्मा पुसला.

"नमस्कार. बोला."

"नमस्कार साहेब," फोनमधून आवाज आला आणि तोच आवाज भोकातूनही आला. धाकटी! "आमचं एक इंजिन अडकलंय हो. मंडळाकडे विचारावं म्हटलं."

मी पदर तोंडात कोंबला. यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"रूळ पुसले का?"

"विचारते हं. अहो, रूळ पुसले का?"

भिंतीतून भाऊजी कडाडले, "पुसले म्हणावं! मी काय काल रांगायला लागलो?"

"पुसले म्हणतात, साहेब."

"चाकं पुसली का?"

"म्हणावं, इंजिन इतके महिने कुणाकडे होतं ते आठवा!"

"चाकं पुसलेली आहेत," हे फोनमध्ये शांतपणे म्हणाले. "मघाशीच. बरं, असं बघा बाई, भिंतीच्या मध्यावर रूळ कापलेला आहे. या बाजूला एकाची वीज, त्या बाजूला दुसऱ्याची, आणि इंजिन अर्धं-अर्धं दोन्हींवर. दोन कंट्रोलर उलट दिशेला लावलेले असले की असंच होतं. हा पुढे ढकलतो, तो मागे ढकलतो. बिघाड नाही. दोघांपैकी एकाने बटण उलटं फिरवायचं."

"कुणी, साहेब?"

सल्लागार पहिल्यांदाच अडले. "कुणीही," म्हणाले. मग खाली बघून, "ज्याला समजतं त्याने."

मी यांच्याकडे बघत होते. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि कुणी बघत नसल्यासारखं हळूच बटण फिरवलं. टक्. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नमले म्हटलं एकदाचे!

इंजिन थरथरतच होतं.

"बघितलंस?" हे माझ्या कानाशी पुटपुटले. "मी फिरवलं, तरी ढिम्म हलला नाही. हटवादी!"

फोनमधून धाकटी रडवेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, यांनी फिरवलं हो बटण. पण तिकडचे लोक काही ऐकत नाहीत."

यांनी दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा फिरवलं. टक्. या वेळी मी कान देऊन ऐकलं. भिंतीतूनही एक टक् आला, त्याच क्षणी. एका आईची मुलं, दुसरं काय. दोघं एकाच वेळी माघार घेत होते, एकाच वेळी पुन्हा अडत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरचाच हटून बसलाय. हा बिघाड यांच्या तीन प्रश्नांत नव्हता.

"अहो, तुम्ही दोघंही फिरवताय!" मी ओरडले. "एकाने थांबा की!"

"मग त्याला सांग थांबायला."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"सांगतो ना, फोन चालूच आहे."

मी यांच्या हातातून फोन घेतला आणि खाली ठेवून दिला. "आता सांगा. भोक समोर आहे."

हे माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. तेवढ्यात भोकातून जळका वास यायला लागला. इंजिनची मोटर तापली होती. भाऊजींच्या पहिल्या पगाराचं इंजिन. यांचा चेहरा पांढरा पडला. गुडघे धरत-धरत खाली बसले, गाल भिंतीला लावला आणि एवढ्या महिन्यांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले.

"हात लावू नकोस!"

"तूच नको लावूस!"

"अरे, जळतंय ते! मी थांबतो. माझे दोन्ही हात वर आहेत. तू फिरव."

खरंच दोन्ही हात वर केले होते यांनी, पोलिसांनी पकडल्यासारखे. पलीकडे टक् झालं. इंजिनने एक हिसका दिला आणि सरळ त्या बाजूला निघून गेलं. पाठोपाठ भाऊजींचा सुस्कारा ऐकू आला, आणि धाकटीचा, आणि माझा.

मग मिस्त्रीचा आवाज आला. "साहेब, आलं ना इंजिन? मग घालू का माल? भिजवलेला आहे."

भोक रिकामं होतं आता, अडायला काही उरलं नव्हतं. हे अजून गुडघ्यांवरच होते. डबा अडकत होता, असं आता म्हणाले, तर त्या मिस्त्रीच्या हातची थापी मीच हिसकावून आणणार होते, आणि भिंत सोडून दुसरंच काहीतरी लिंपणार होते.

"डोंगर..." हे म्हणाले आणि थांबले. खाकरले. "तुला विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं."

पलीकडून उत्तर आलं. "काय? ऐकू नाही आलं."

"चुकलं म्हणतोय! तुझा डोंगर होता. मी हात लावायला नको होता!"

"काय म्हणालास?"

"चुकलं माझं!" हे इतक्या जोराने ओरडले की वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकी उघडली. "चुकलं, चुकलं! बास?"

"साहेब," मिस्त्री पलीकडे म्हणत होता, "मला दारातून ऐकू आलं. तुमचा तर कान भोकाला लागलाय."

"तू गप रे," भाऊजींचा आवाज चिरकला होता. "ते सिमेंट ठेव तिकडे. त्याला अजून एकदा म्हणू दे."

हे अजून एकदा म्हणाले.