पूर्वसूचना न देता

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. कचेरीच्या फाटकाबाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली माझं टेबल आहे. दाखला हरवलेल्यांपासून ते जिवंत असून कागदावर मेलेल्यांपर्यंत सगळे माझ्याकडे येतात. कुठल्या रकान्यात रडायचं आणि कुठल्या रकान्यात गप्प बसायचं, हे मला बरोबर कळतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं नाही. हुशारीमुळे झालं.

आमची वस्ती ओढ्याला लागून आहे आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आहे. आमच्याकडे पुराला पावसाची गरज लागत नाही. कारखान्याचं सांडपाण्याचं तळं भरलं की ते पाणी अडवणाऱ्या फळ्या काढतात आणि भर उन्हात ओढा चढतो, कधी लाल, कधी निळा. माझे सासरे रोजचा रंग वहीत लिहून ठेवतात. ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते, चाळीस वर्षं पाण्याची पातळी लिहिली, आता निवृत्त झाले तरी हात थांबत नाही. मी त्यांना मामंजी म्हणते, अख्खी वस्तीही मामंजीच म्हणते.

मामंजींनी एक घंटा बसवली होती. बंद पडलेल्या शाळेची पितळी घंटा, ओढ्याकाठच्या खांबावर. तिच्या लोलकाला दोरी आणि दोरीच्या खालच्या टोकाला एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन. एरवी कॅन गोट्यांवर पडून असायचा. पाणी चढलं की तो तरंगायचा, प्रवाह त्याला हिसके द्यायचा आणि घंटा वाजत सुटायची. घंटा वाजल्यापासून पहिल्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत वीस मिनिटं मिळतात, हे मामंजींनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

पहिलं घर इस्त्रीवाल्याचं. त्याचे दोन्ही पाय अपघातात गेले, म्हणजे आहेत जागेवर, पण कंबरेखाली त्याला काही कळत नाही. तो खुर्चीत बसून इस्त्री करतो आणि बायको घरोघर कपडे पोचवते. घंटा झाली की चौघांनी धावायचं, खुर्चीचा एकेक पाय धरायचा आणि त्याला शाळेच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवायचं. खुर्चीचा डावा मागचा पाय माझा होता. अकरा वर्षांत इस्त्रीवाला एकदाही भिजला नव्हता. वर जाताना तो आम्हाला म्हणायचा, ‘हळू, राजाची स्वारी आहे.’

तर अशा आमच्या वस्तीसाठी सरकारने निधी काढला. नाव लांबलचक होतं, ‘दुर्लक्षित वस्त्यांसाठी आपत्ती सज्जता व पर्यावरण संरक्षण निधी’. मंजूर झाला तर ओढ्याला पक्की भिंत, भोंगा आणि कारखान्याच्या पाण्यावर देखरेख. मी फॉर्म आणला, चष्मा पुसला आणि एका बैठकीत सोळा रकाने भरले. सतराव्यापाशी थांबले.

‘वस्तीत पूर्वसूचना यंत्रणा कार्यरत आहे काय?’

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की यंत्रणा नसल्यास वस्तीला प्राधान्य मिळेल. मी लिहिलं, ‘नाही.’

मामंजी मागून वाचत होते. ते म्हणाले, ‘‘मग ती खांबावर काय लटकलीय?’’

‘‘घंटा आहे मामंजी. यंत्रणा नाही.’’

‘‘वाजते ना ती?’’

‘‘वाजते. पण सरकारने बसवली तर यंत्रणा. आपण बसवली तर घंटा.’’

मामंजी वही घेऊन बाहेर गेले. वहीत त्या दिवशीचा रंग लिहायला मात्र विसरले. त्यांना लागलं होतं आणि ते मला कळलंही होतं. पण भिंत मिळणार असेल तर एका म्हाताऱ्याचा रुसवा परवडतो, असा मी हिशोब केला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. ‘पाहणी पथक गुरुवारी सकाळी अकरा वाजता पूर्वसूचना न देता भेट देईल.’ मी ते दोनदा वाचलं. अशी कागदपत्रं वाचूनच माझे केस पिकलेत, त्यामुळे हसू आलं नाही. आदल्या दिवशी मी मामंजींना म्हटलं, घंटा एक दिवस उतरवा. ते म्हणाले, गंजलेले बोल्ट आहेत, उतरवली तर परत चढणार नाही. मग मी त्यांचं एक जुनं बनियन घेतलं, शिडी लावली आणि लोलकाला घट्ट गुंडाळून वर गाठ मारली. दोरी ओढून पाहिली. थप, एवढाच आवाज आला. दोरीवर मी दोन चादरी वाळत घातल्या.

इस्त्रीवाला दारातून बघत होता. ‘‘वहिनी, घंटेला थंडी वाजतेय का?’’

‘‘उद्यापुरतं,’’ मी म्हटलं.

गुरुवारी पथक आलं, साडेबाराला. एक साहेब आणि एक पर्यावरणवाल्या बाई. बाईंनी ओढ्यातून बाटली भरून घेतली आणि उन्हात धरून पाहिली. पाणी इतकं नितळ होतं की मला ओळखूच येईना. पूर्वसूचना न देता येणार असल्याची पूर्वसूचना कारखान्यालाही गेली असणार.

साहेबांनी खांबाकडे पाहिलं. ‘‘हे काय आहे?’’

‘‘कपडे वाळत घालायचा खांब,’’ मी म्हटलं.

‘‘आणि वर ते?’’

‘‘बनियन.’’

मामंजी माझ्या शेजारीच उभे होते. चाळीस वर्षं एकही खोटी पातळी न लिहिलेला माणूस माझ्यासाठी जमिनीकडे बघत राहिला. साहेबांनी सतराव्या रकान्यावर खूण केली आणि समाधानाने म्हणाले, ‘‘खरोखरच दुर्लक्षित वस्ती आहे.’’ मला तर पोरीचं लग्न जमल्यासारखं वाटलं.

जाता जाता ते म्हणाले, ‘‘फेरपाहणी होईल. कधीही.’’

त्या ‘कधीही’ने घात केला. पाठ वळताच मामंजी शिडी आणायला निघाले होते, मीच अडवलं. म्हटलं, मंजुरीचं पत्र येईपर्यंत राहू द्या, तोवर आपण डोळ्यांनी लक्ष ठेवू. पहिले चार दिवस सगळ्यांनी पाळ्या लावून लक्ष ठेवलं. मग ज्याला त्याला आपापली कामं आली. इस्त्रीवाल्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नवव्या दिवशी कचेरीतून निरोप आला की अर्ज तीन प्रतींत हवा आणि यंत्रणा नसल्याबद्दल ज्येष्ठ रहिवाशाची सही हवी. मी मामंजींना घेऊन गेले. खिडकीपाशी दोन तास उभं केलं. त्यांनी तीन ठिकाणी सही केली, प्रत्येक सहीआधी कागद पूर्ण वाचला आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिथे उभे असतानाच कारखान्याने फळ्या काढल्या.

घंटेने आपलं काम केलं. कॅन तरंगला, दोरी हिसकली, लोलक हलला. थप, थप, थप. ऐकणारं जवळ एकच घर होतं आणि तिथे रेडिओ चालू होता.

इस्त्रीवाल्याची बायको कपडे पोचवून परतली तेव्हा पाणी खिडकीच्या कडेला लागलं होतं. तिने आरडाओरडा केला, माणसं धावली. तो इस्त्रीच्या टेबलावर बसलेला सापडला. खुर्चीतून हातांच्या जोरावर कसा चढला कोण जाणे. पाणी छातीपर्यंत होतं आणि दोन्ही हातांनी त्याने लोकांच्या इस्त्री केलेल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर धरलं होतं. पाऊण तास. एकाही शर्टाची घडी मोडली नव्हती. पाणी निळं होतं आणि त्यात काय काय होतं ते कारखान्यालाच ठाऊक. पायांना कळत नाही, म्हणून भाजल्यासारखे फोड आलेत हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दवाखान्यात कपडे उतरवल्यावर ते दिसले.

मी संध्याकाळी भेटायला गेले. 

तो म्हणाला, ‘‘वहिनी, घंटा वाजली नाही का?’’

‘‘बांधलेली होती.’’

‘‘अजून? कशाला?’’

‘‘अर्जासाठी.’’

‘‘मग, झाला का मंजूर?’’

टोमणा असता तर सोसला असता. त्याने खरंच विचारलं होतं. मला तिथे बसवेना. लाजेने माणूस मरत नाही, नाहीतर त्या दिवशी माझा दाखला दुसऱ्या कुणाला तरी लिहावा लागला असता.

मामंजींनी घरी येताच बनियन सोडलं होतं. ते खाली निळ्या चिखलात पडलं. इस्त्रीवाला दवाखान्यातून आल्यावर त्याने ते मागून घेतलं आणि आपल्या भिंतीवरच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल असं, टांगलं. माझ्याशी बोलणं मात्र बंद केलं. माझे कपडेही परत पाठवले, इस्त्री न करता. मी महिनाभर चुरगळलेल्या कपड्यांत टेबलावर बसले आणि लोकांना नीटनेटके अर्ज लिहून दिले.

पत्र आलं. ‘दिनांक अमुक रोजीच्या घटनेवरून वस्तीत पूर्वसूचना यंत्रणा नसल्याचे सिद्ध होत असून अर्ज तत्त्वतः मंजूर करण्यात येत आहे. अंतिम मंजुरी फेरपाहणीनंतर.’ आयुष्यात शेकडो खोटे अर्ज लिहिले असतील. माझ्या हाताने खरा करून दाखवलेला हा पहिलाच.

आणि फेरपाहणी चक्क पूर्वसूचना न देता झाली. साहेबांची जीप दुसरीकडे चालली होती, वाटेत वस्ती लागली म्हणून ते उतरले. दुपारचे दोन वाजले होते. मी घरीच होते. साहेब आणि त्या बाई ओढ्याच्या पात्रात उभे राहून भिंतीची जागा मोजत होते, इस्त्रीवाला दारात खुर्चीवर बसून बघत होता, तेवढ्यात घंटा वाजली.

बनियनाशिवाय ती कशी वाजते हे मी विसरलेच होते. सगळी वस्ती धडाधड बाहेर आली. मी साहेबांना ओरडून सांगितलं, ‘‘वर या.’’ ते म्हणाले, ‘‘ऊन तर पडलंय.’’ बाईंनी त्यांचा दंड धरून ओढलं. मी खुर्चीपाशी पोचले आणि डावा मागचा पाय धरला. मी धरायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता. तीनच माणसं होती. चौथा पाय साहेबांनी धरला, बहुतेक मधेच आले म्हणून. आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर पोचलो आणि वळून पाहिलं, तर मघाशी साहेब उभे होते तिथे पुरुषभर निळं पाणी वाहत होतं.

साहेबांचे बूट तेवढे निळे झाले होते. पर्यावरणवाल्या बाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि खाली जाऊन भरून आणली. या वेळी उन्हात धरून पाहायची गरज नव्हती.

साहेब बराच वेळ धापा टाकत होते. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, ‘‘आम्ही खरं तर पूर्वसूचना न देता आलो होतो.’’

‘‘आम्ही मात्र तुम्हाला दिली,’’ इस्त्रीवाला म्हणाला.

घंटा अजून वाजत होती. साहेबांनी फाईल उघडली, पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘बाई, सतरा नंबरला काय लिहू?’’

ते मला सूट देत होते. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यांनी ‘नाही’ लिहिलं असतं, भिंत आली असती, भोंगा आला असता. बाजूला मामंजी उभे होते. इस्त्रीवाला माझ्याकडे बघत होता, महिन्याभरात पहिल्यांदा.

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘अकरा वर्षांपासून आहे. मध्ये दहा दिवस मी बंद पाडली होती, तेही लिहा.’’

मामंजींनी खिशातून वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, ‘‘निळा.’’

अंतिम पत्र पंधरा दिवसांनी आलं. वस्तीत सक्षम पूर्वसूचना यंत्रणा असल्याने अर्ज निकाली काढला होता. भिंत नाही, भोंगा नाही. बाटलीचं पुढे काय झालं त्याबद्दल ‘अहवाल प्रतीक्षेत’. दुसऱ्या परिच्छेदात विनंती होती की सदर यंत्रणा अनुकरणीय असल्याने तिचा नकाशा तीन प्रतींत पाठवावा, म्हणजे इतर दुर्लक्षित वस्त्यांना देता येईल. वस्तीतले चारपाच जण माझ्यावर खवळले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ओढा अजून तसाच मोकळा आहे.

मी नकाशा काढत बसले होते, तेव्हा इस्त्रीवाल्याची बायको आली. तिने माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली एक घडी ठेवली. आत मामंजींचं बनियन होतं. धुतलेलं, कडक इस्त्री केलेलं, बाह्या आत मुडपलेलं. छातीवरचा निळा डाग गेला नव्हता.

‘‘यांनी निरोप दिलाय,’’ ती म्हणाली. ‘‘हे अंगात घालायचं असतं म्हणावं.’’