रुपेरी रंगाखालचा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. हवामान कार्यालयाच्या गच्चीवर, सिमेंटच्या एका बुटक्या खांबावर सतरा वर्षं बसलोय. माझी तार कापून टाकलीय. वर येणारे लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवा बापडे! पण माझी हकीकत ऐका, कारण खालच्या कपाटातल्या अहवालात ती खोटी लिहिली आहे.

दिसायला मी पालथ्या वाडग्यासारखा. काम मात्र नाजूक. आकाशातले उपग्रह रेडिओलहरी पाठवतात. हवेत पाण्याची वाफ असली, की त्या लहरी वाटेत किंचित रेंगाळतात. किती? पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कोट्यवधी भागांतल्या एका भागाएवढ्या. त्या लहरी मी झेलायचो, खालच्या खोलीतलं यंत्र तो उशीर मोजायचं, आणि पडद्यावर वाफेची रेघ उमटायची. ढग दिसायच्या आधीच ती रेघ चढू लागायची.

कारखान्यात माझं टोपण बसवताना एका चष्मेवाल्या बाईंनी बजावलं होतं, "याच्यावर धातूचं काही येऊ देऊ नका हं, लहरी अडतात." तसा कागदही माझ्या खोक्यात होता. पण मी इथे आलो त्याच दिवशी तो कागद घडी करून खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत कोंबला गेला. खिडकी गप्प झाली, सगळे खूश!

रेघेवर लक्ष ठेवायचं काम निरीक्षक ताईंचं. त्यांचा धाकटा भाऊ शिंपी. नाल्याकाठच्या बाजारात, तळघरात त्याचं दुकान होतं. रेघ भराभर चढली, की ताई धापा टाकत गच्चीवर यायच्या, आभाळाकडे बघायच्या आणि माझ्या शेजारी उभं राहून फोन लावायच्या.

"धाकट्या, कापड वर उचल. मशीनही ने."

"ताई, बाहेर लख्ख ऊन आहे गं!"

"ऊन गेलं चुलीत. उचल म्हणते ना!"

दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत तळघरात कमरेएवढं पाणी. धाकट्याची एक सुईसुद्धा भिजली नाही. तेव्हा बाजारातले दुकानदार वर येऊन माझ्याबरोबर फोटो काढून गेले. खोटं कशाला बोलू, मलाही जरा शिंगं फुटली होती.

मग मोठे अधिकारी तपासणीला येणार अशी वर्दी आली. कार्यालयाच्या साहेबांची धांदल उडाली. कुंड्या रंगल्या, कठडे रंगले, पाण्याच्या टाकीसाठी आणलेला रुपेरी रंग उरला. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे काय भिकाऱ्याच्या वाडग्यासारखं ठेवलंय? यालाही मारा दोन हात."

त्या रंगात धातूची पूड होती. मी आंधळाच झालो म्हणा ना! ताई तेव्हा दोन दिवस रजेवर होत्या. परत आल्या, मला पाहिलं आणि काय म्हणाल्या माहीत आहे? "अगं बाई, काय झकास दिसतोय!" पदराने माझ्यावरची धूळसुद्धा पुसली. मला ओरडायचं होतं. पण अँटेनाला कसलं तोंड?

लहरी तुटक पोचू लागल्या. रेघ उठसूट उड्या मारायला लागली. ताईंनी तीनदा फोन केला. तीनदा धाकट्याने सगळं दुकान पाठीवरून वर नेलं आणि कोरड्या दिवशी खाली आणलं. तिसऱ्यांदा तो फोनमध्ये ओरडलाच. "ताई, गिऱ्हाइकं हसतात मला. पुरे आता!"

साहेब म्हणाले, "मॅडम, यंत्र म्हातारं झालंय. मनावर घेऊ नका."

चौथ्यांदा रेघ उडाली. ताई गच्चीवर आल्या, फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय खरं नाही रे," म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी मात्र रेघ खरं सांगत होती. दुपारी नाला फुटला. धाकटा मशीन उचलायला गेला आणि पाण्याच्या लोंढ्याने कपाट त्याच्या उजव्या हातावर पडलं. शेजाऱ्यांनी ओढून काढलं म्हणून जीव वाचला. चौकशी झाली. 'उपकरण जुने असल्याने' असं लिहून सगळं खापर माझ्यावर फुटलं, आणि साहेबांनी हात झटकले.

महिनाभराने ताई वर आल्या. माझ्यापुढे बसून रडल्या आणि रागारागाने माझ्यावर किल्ली ओढली. रंगाचा पोपडा निघाला, बोटाला चमचमती पूड लागली. त्या बोटाकडे बघतच राहिल्या. धावत खाली गेल्या, साहेबांशी भांडल्या. साहेबांनी सांगितलं, अहवाल वर गेलाय, आता त्यातलं अक्षर बदलणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या धाकट्याला घेऊन आल्या. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. या बोटांत आता कात्री कशी धरणार? ताईंनी त्याला खरवडलेली जागा दाखवली. "बघ रे, हा रंग! माझी चूक नव्हती. याचीही नव्हती."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माझ्यासारखी यंत्रं येतील. त्यांना नटवू नका. ती कशाने बघतात, कशाने ऐकतात, एवढं आधी विचारा. आणि एखादं अचानक चुकायला लागलं, तर म्हातारं म्हणायच्या आधी आपण त्याला काय केलंय ते आठवा. मला आता कुणी विचारणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

धाकट्याने डाव्या हाताने ती खरवडलेली जागा चाचपली.

"रंग तू लावला नाहीस, ताई," तो म्हणाला. "पण तो लागल्यापासूनच रेघ चुकत होती, आणि दर वेळी वर येऊन तू तो बघत होतीस ना गं?"

तो एकटाच जिना उतरून गेला.