बसच्या रांगेत अख्खी बाजारपेठ

गाव वाढत चाललं होतं. दोन कारखाने आले, बँक आली, दुकानं चाळीस झाली. पण जलद बस काही गावाला धूप घालत नव्हती. तोंडावर धूळ उडवून ती थेट शहर गाठायची. व्यापारी संघटनेने थांब्यासाठी सात अर्ज केले. आठव्याला उत्तर आलं: मंगळवारी अकराला अधिकारी येऊन प्रवासी मोजतील.

संघटनेचे अध्यक्ष हार्डवेअरवाले. चिटणीस त्यांची वहिनी, तिचं शिवणकामाचं दुकान.

"वहिनी, रांग दिसली पाहिजे. प्रत्येक दुकानातून एक जण उभा करू."

"भाऊजी, खरी माणसं मोजू द्या की."

"खरी माणसं वेळेवर येतात का कधी?"

मंगळवारी दुकानदार स्वतःच आले, कारण दुसऱ्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. शटर ओढून चाळीस जण रस्त्याकडेला उभे राहिले. न्हाव्याने प्रवासी दिसावं म्हणून बॅगेत उशी कोंबून आणली.

अधिकारी पावणेअकरालाच रिक्षाने आले आणि उतरता उतरता त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. बाजारभर फरपटत फिरले, एक दुकान उघडं असेल तर शपथ. शेवटी रांगेच्या टोकाला उभ्या वहिनीला त्यांनी विचारलं, "ताई, इथे चप्पल शिवणारा कुठे बसतो?"

वहिनीला खोटं जमत नसे. "रांगेत सातवा."

"आणि चहावाला?"

"तिसरा."

"सगळेच आज निघालेत कुठे?"

"लग्नाला," न्हावी म्हणाला.

"मयताला," औषधवाला त्याच क्षणी म्हणाला.

अधिकाऱ्यांनी खिशातून वही काढली. तेवढ्यात बस आली. एवढी गर्दी पाहून चालकाने जन्मात पहिल्यांदा तिथे ब्रेक दाबला. "चला, चढा पटापट," कंडक्टर ओरडला. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि ते चढले. मागोमाग अख्खी बाजारपेठ चढली. रस्त्यावर राहिले एका पायात चप्पल घातलेले अधिकारी.

बसमध्ये सगळे मिळेल तिथे बसले. वहिनीने शेजारच्या बाईला सहज विचारलं, "कुठं निघालात?"

"शहरात. लेकीचे कपडे शिवायला टाकलेत."

"आमच्याकडे का नाही टाकत?"

"तुमच्याकडे बस थांबते कुठे?"

वहिनी तशीच उठली. मापांच्या वहीचं पान फाडून तिने सगळ्या बसला विचारलं, थांबा झाला तर आमच्या गावी कोण कोण उतरेल? तेवीस हात वर झाले. प्रत्येकाचं नाव, गाव, काम तिने लिहून घेतलं. कोणाला कारखान्यात जायचं होतं, कोणाला बँकेत. न्हाव्याने तर समोरच्याच्या दाढीकडे बघून त्याला यादीत बसवलं.

शहरातून टेम्पो करून मंडळी परतली, तेव्हा अधिकारी हार्डवेअरच्या पायरीवर बसले होते. तुटक्या चपलेने जाणार कुठे? चप्पल शिवणारा न सांगता कामाला लागला.

अध्यक्ष सुरू झाले, "साहेब, लग्नाचं असं झालं की…"

"भाऊजी, थांबा," वहिनी म्हणाली. "साहेब, रांग खोटी होती. ही यादी खरी आहे. विचारून बघा यांना."

अधिकाऱ्यांनी यादी दोनदा वाचली. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढचा आठवडाभर ते स्वतः त्या बसने फिरले आणि एकेकाला गाठून विचारत राहिले.

महिन्याने थांबा मंजूर झाला. संघटनेच्या बैठकीत अध्यक्ष आपल्या दूरदृष्टीवर वीस मिनिटं बोलले. मग शाळेच्या नव्या खोल्यांचा विषय निघाला, तसे ते खाली बसत म्हणाले, "हा अर्ज वहिनीच लिहितील. आणि हो, शाळेत कोणीही उसनी पोरं नेऊन बसवायची नाहीत."