शिट्टीपुरती फट

शपथेवर सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझे दात पडोत, उरलेत तेवढे!

आमचे हे गोदामात कामाला होते. काम एकच, ट्रक मागे घेताना शिट्टी मारायची. तीही तोंडानंच. समोरच्या दोन दातांत जन्मापासून फट. तिच्यातून अशी शिट्टी निघायची, की शेजारच्या गल्लीतले ट्रकसुद्धा थांबायचे. संध्याकाळी कोपऱ्यावरून एक मारली, की मी चहा टाकायची. रिटायर झाले, तरी भाजी घेऊन परतताना शिट्टी आहेच.

मग एकदा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि तोंडावर आपटले. गेले ते नेमके तेच दोन दात.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढला. कॉम्प्युटरवर ह्यांचा अख्खा जबडा गरगर फिरायला लागला.

"हाच तो, इतकी वर्षं माझ्याशी वाद घालणारा!" मी म्हटलं.

बाई हसल्या. "आधी दात कसे हवेत ते ठरवू. मग त्या हिशोबानं हाडात स्क्रू. एकदा स्क्रू बसले की जागा बदलता येत नाही हं, आजोबा."

कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीनं दोन दात आखले आणि आतल्या यंत्रानं ते थरावर थर चढवत चक्क छापले! घालून बघण्यापुरते, नमुन्याचेच, पण सरळ, एकमेकांना चिकटून, मोत्यांसारखे. ह्यांच्या तोंडात बसवले.

"अगदी हिरो!" बाई म्हणाल्या.

ह्यांनी ओठांचा चंबू केला. फुस्स! पुन्हा केला. पुन्हा नुसती हवा.

"बाई, फट ठेवा," हे म्हणाले.

"अहो आजोबा, लोक माझ्याकडे फट बुजवायला येतात!"

"येऊ देत. शिट्टीशिवाय आमच्या घरात चहा होत नाही."

मुलीनं माऊसनं दात जरा बाजूला सारले. "एवढं बास?"

"अजून थोडं."

पुन्हा छापले. ह्यांनी शिट्टी मारली. आतलं यंत्र दचकून बंद पडलं, बाईंच्या हातातला आरसा निसटला आणि खाली रस्त्यावर मागे येणारा ट्रक जागच्या जागी थांबला!

मग त्याच मापाचा, भोकं असलेला एक साचा छापला. त्या भोकांतून स्क्रू बरोब्बर जागेवर गेले. हाडानं ते धरेपर्यंत काही महिने थांबायचं होतं. तेवढे दिवस घर इतकं गप्प, की चहाची वेळ मी घड्याळात बघायची.

मग स्क्रूंवर पक्के दात बसले, फटीसकट. आता कोपऱ्यावरून शिट्टी येते आणि मी गॅस पेटवते.

बरं, एक गोष्ट मी रचली. 'फट ठेवा' असं हे म्हणालेच नव्हते. भिडस्त माणूस! आरसा खाली ठेवून म्हणाले, "राहू द्या, छान आहेत." बाईंशी भांडले ती मी.

ट्रक मात्र खरंच थांबला होता.